लाखेच्या तबकड्या

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. त्यांचे अभंग वारकऱ्यांच्या दिंडींत आणि बायकांच्या जात्यावर आजवर जिवंत राहिले. परंतु जनाबाईंचा स्वतःचा गळा कसा होता, हें सांगावयास कोणी उरलें नाहीं. शब्द तोंडोतोंडीं जगतात, आवाज मात्र धन्याबरोबर जातो. ह्या जुन्या नियमास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथमच अपवाद घडला. आणि तो अपवाद ज्यांत सांठला, त्या काळ्या तबकड्या आज कित्येक घरांच्या माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत.

एडिसननें फोनोग्राफ १८७७ सालीं केला. सपाट तबकडीची युक्ति बर्लिनरनें १८८७ सालीं काढली. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच ती इंग्रजींतून आपलें नांव सांगे. कोणास हा डौल वाटेल. पण मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हरास जात, आणि तेथील कारागिरांस गाणारीची ओळख पटावयाची ती ह्याच उच्चारावरून! पुढें १९०८ सालीं कलकत्त्यांतच कारखाना निघाला. तबकडीस लागणारी लाख तर आपल्याच रानांतली. किल्लीचें यंत्र विजेवांचून चाले. त्यामुळें ज्या गांवीं तार पोंचली नव्हती, तेथेंही तें गाऊं शके.

कोणी म्हणेल, तीन-चार मिनिटांत ख्याल कसला? आक्षेप खरा आहे. बैठकींत तासभर फुलणारा राग येथें मुठींत धरावा लागे. पण मूठही नसली म्हणजे काय होतें, तें पहावें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादियाखां १९४६ सालीं; दोघांच्याही गाण्याची एकही तबकडी आपल्या हातीं नाहीं. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या गाण्यावरून ताडावयाची. उलट मिरजेच्या अब्दुल करीमखांसाहेबांनीं १९०५ च्या सुमारास आणि पुन्हां १९३४ नंतर तबकड्या दिल्या. दोन्ही काळांतल्या जवळ ठेवून ऐकल्या म्हणजे तिशींतला चपळ गळा उतारवयांत किती शांत व आर्त झाला, हें जें कळतें तें कोणत्याही चरित्रग्रंथांत सांपडणार नाहीं. अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी तर १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडीवरून अंतराळांत गेली. त्याच वर्षीं बाई निवर्तल्या. गुरूंचा आवाज पृथ्वीवरही उरला नाहीं, आणि शिष्येचा सूर्यमालेच्या सीमेकडे निघाला!

म्हणून तबकड्या जमविणें हा केवळ षोक नव्हे. १९४८ सालीं विनाईलची लांब पल्ल्याची तबकडी आली, आणि १९७० च्या सुमारास आपल्याकडे लाखेच्या तबकड्या निघणें थांबलें. तेव्हांपासून फुटेल ती कायमची कमी होते. मुंबईंत १९९० सालीं संग्राहकांनीं ह्याच कामासाठीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापिली. ह्या छंदांत एक पेंचही आहे. पोलादी सुई फिरली कीं रेघ थोडी झिजते; ऐकावें तर तबकडी खर्चीं पडते, न ऐकावें तर ती मुकी राहते. कपाटांत कुलूपबंद ठेवणारा संग्राहक तिला राखतो खरा, पण तिचा उपयोग कोणासच होत नाहीं. तबकडी स्वच्छ करावी, योग्य सुईनें एकदां वाजवून तिची नक्कल उतरावी, मधल्या गुळगुळीत कड्यांतला क्रमांक टिपून ठेवावा, आणि नक्कल चारचौघांस ऐकवावी, हाच त्यांतला शहाणपणाचा मार्ग.

मराठवाड्यांतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा माळा आवरतांना अशी चळत हातीं लागली, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें करावें: चिठ्ठीवरचें नांव वाचावें. जनाबाईंच्या गळ्याविषयीं आपल्याला जी हळहळ वाटते, तीच पुढच्या पिढीस ह्या नांवाविषयीं वाटूं नये.