अंबाजोगाईचे कॉलेज आणि सावली

बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या रांगेवरील अंबाजोगाई निजामी काळात मोमिनाबाद होते. तिथे घोडदळाची छावणी असे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ आधी इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. १९७४ मध्ये इथे सुरू झालेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव मिळाले. रुग्णालय जोडलेले असल्याने अशा आवारात विद्यार्थ्यांइतकीच रुग्णांच्या नातेवाइकांचीही वर्दळ असते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आवाराचे सौंदर्य हिरवळीपेक्षा सावलीवर ठरते. हिरवळीला रोज पाणी लागते, आणि उन्हाळ्यात तेच नसते. कडुनिंबाला मात्र ऐन चैत्रात कोवळी तांबूस पालवी फुटते. गुलमोहर देखणा खरा, पण तो बहरतो तेव्हा बहुतेक कॉलेजांना सुट्टी लागलेली असते.