उसनी गाडी आणि तांबडी माती

मोटारींच्या शर्यतीत मला काडीचंही गम्य नाही. चाक गोल असतं आणि पेट्रोल महाग असतं, इथे माझं मोटारशास्त्र संपतं. पण अमेरिकेतल्या ‘स्टॉक कार’ शर्यतींचा इतिहास हाती आला आणि त्यात मला चक्क आपली माणसं भेटली. म्हणजे नियमातून वाट काढणारी आणि दुसऱ्याची गाडी मागून नेणारी!

स्टॉक कार म्हणजे दुकानातून आणली तशीच, हात न लावलेली गाडी. अशा गाड्यांची शर्यत भरवावी हे डोकं बिल फ्रान्स या गृहस्थांचं. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी डेटोना बीचच्या एका हॉटेलात मंडळी जमवली, त्यातून ‘नॅस्कार’ ही संस्था निघाली. १९ जून १९४९ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला पाऊण मैलाच्या मातीच्या गोल धावपट्टीवर पहिली शर्यत झाली. फेऱ्या २००!

आता त्या भागातल्या बऱ्याच ड्रायव्हरांचं शिक्षण झालं होतं डोंगरातल्या हातभट्टीच्या धंद्यात. डिकीत दारू भरली की गाडीचं बूड खाली बसतं आणि झोपाळू हवालदारालासुद्धा संशय येतो. म्हणून मागच्या स्प्रिंगा ताठ करून घेत. अशीच स्प्रिंगांची करामत केलेल्या १९४७ च्या फोर्डमधून ग्लेन डनवे तीन फेऱ्यांच्या आघाडीनं पहिला आला. तपासणीत स्प्रिंगा उघड्या पडल्या आणि बक्षीस गेलं. गाडीचा मालक काही कच्चा नव्हता. तो १०,००० डॉलरचा दावा घेऊन कोर्टात गेला. न्यायाधीशांनी दावा फेटाळला.

२,००० डॉलरचं बक्षीस मिळालं जिम रोपर यांना. ते थेट कॅन्ससहून आपली लिंकन हाकत आले होते आणि तीच शर्यतीत पळवली.

पण माझा जीव जडला ली पेटी यांच्यावर. त्यांनी मित्राची भलीमोठी ब्यूइक मागून आणली आणि शर्यतीत उलटीपालटी केली. अकरा वर्षांचा मुलगा रिचर्ड बघतोय! माझे मेहुणे स्कूटर नेतात आणि टाकी कोरडी करून आणतात, तर आमच्याकडे दोन दिवस अबोला असतो. त्या ब्यूइकवाल्या मित्राच्या घरी काय झालं असेल! (लीसाहेब पुढे तीनदा अजिंक्यपद मिळवून गेले. मेहुण्यांकडून मला तेवढीही आशा नाही.)

ज्युनियर जॉन्सन तर या मातीचा पैलवानच. वळणावर गाडी आडवी घसरत न्यायची त्याची ख्याती. दारू वाहताना रस्त्यावर आपण कधीच सापडलो नाही, हा त्याचा अभिमान. १९५६ मध्ये सापडला तो बापाच्या भट्टीवर, पायी! अकरा महिने तुरुंगात काढले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला १९८६ मध्ये माफी दिली, तोवर त्याच्या नावावर ५० विजय जमा होते.

मातीची पट्टी दर फेरीला बदलते. कुठे खड्डा, कुठे निसरडं. चांगल्या गाडीइतकाच चांगला हात लागतो, म्हणून गरिबाला थोडी आशा. पण १९५० मध्ये डार्लिंग्टनला मोठी डांबरी पट्टी झाली, मग एकामागून एक अशा पट्ट्या आल्या, आणि आपली कुस्ती जशी लाल मातीतून गादीवर गेली तशी ही शर्यत डांबरावर गेली. वेग वाढला, गर्दी वाढली, पैसा वाढला. मला मात्र यात मातीवरच अन्याय दिसतो.

३० सप्टेंबर १९७० रोजी रॅलेला अव्वल मालिकेतली मातीवरची शेवटची शर्यत ठरली. जिंकली रिचर्ड पेटीनं. ज्या प्लिमथमधून जिंकला, ती पेटींनी आधीच विकून टाकलेली होती. नव्या मालकाकडून तेवढ्या शर्यतीपुरती भाड्यानं आणली होती! मुलानं गाडी धडधाकट परत केली, हे विशेष.

पुढे २०२१ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टलला आयोजकांना मातीची उबळ आली. काँक्रीटच्या पट्टीवर ट्रकच्या ट्रक माती ओतून शर्यत भरवली. आधी मातीवर डांबर, मग काँक्रीटवर माती! तीन वर्षं हे चाललं. २०२४ पासून तिथे पुन्हा काँक्रीट.