नागपूर जवळ, पण ‘होम’ शेगाव : ॲडमिशनचा चान्स कोण ठरवतं?

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण यात ना किल्ला आहे ना लढाई. आज बोलायचंय ऑप्शन फॉर्मवर. हो, तोच, कॅप राउंडचा. सीईटीचा निकाल लागला की घराघरात एकच प्रश्न फिरतो: “एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळते?” आणि उत्तर देणारे पन्नास. काका, क्लासवाले सर, मेडिकल स्टोअरवाला, सगळेच.

मी आज कळंबवरून बोलतोय. धाराशिवचं कळंब नाही हं, यवतमाळचं. चिंतामणीचं. कारण चान्स म्हणजे नुसते आपले मार्क नसतात, हे कळंबच्या पत्त्यावरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुण्यातून दिसत नाही. कॉलेज कुठे उघडलं, जागा कोणासाठी राखल्या, यादी कशी लावली, हे सगळं कोणीतरी, कधीतरी ठरवलेलं असतं. तो इतिहास माहीत असला की फॉर्म भरताना हात कमी थरथरतो.

सुरुवात करू १९४७ पासून. पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. पण तेव्हा कळंब मुंबई प्रांतात नव्हतंच. आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. आपल्या प्रांतातलं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज निघालं १९४७ मध्ये, जबलपूरला. नागपूरला १९४२ पासून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट होती, पण ती केमिकल टेक्नॉलॉजीची. म्हणजे सिव्हिल किंवा मेकॅनिकल करायचं असेल, तर कळंबच्या पोराला आपल्या प्रांतातलं कॉलेज म्हणजे नर्मदेकाठचं जबलपूर!

मग भाषावार राज्यांची चर्चा सुरू झाली. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. हा करार आपल्याला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनामुळे आठवतो. पण त्यात प्रवेशाचाही मुद्दा होता. व्यावसायिक आणि शास्त्रीय प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असं त्यात ठरलं. विचार करा: राज्य बनायच्या आधीच्या बोलणीत लोकांनी ॲडमिशनचा विषय काढला होता. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची तरतूद आली.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. एका रात्रीत आपल्या राज्यातलं कॉलेज परराज्यातलं झालं. नागपूरला विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज सुरू झालं १९६० मध्ये. तेच आजचं व्हीएनआयटी. पण रिजनल कॉलेजांचं सूत्र असं की निम्म्या जागा त्या राज्याच्या, निम्म्या बाकी देशाच्या. अमरावतीचं सरकारी कॉलेज आलं १९६४ मध्ये. यादी संपली. या काळात ‘कोणतं कॉलेज निवडू’ हा प्रश्नच नव्हता. मिळालं तर मिळालं, नाहीतर बीएस्सी.

मग आलं १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, आणि सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांचा दरवाजा उघडला. त्या एकाच वर्षी शेगाव, बडनेरा आणि आपल्या जिल्ह्यातलं पुसद, तिन्हीकडे इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली. यवतमाळ शहरात मात्र १९९६ उजाडलं. जागा वाढल्या, पण आता दारावर वेगळा प्रश्न: डोनेशन किती? १९८७ मध्ये राज्यानं कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानं निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी विभागणी लावली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं ती मोडली. म्हणजे आपल्या मोठ्या भावंडांच्या वेळी तेच मार्क, तेच कॉलेज, पण वर्ष बदललं की फी आणि चान्स दोन्ही बदलायचे.

आता १९८३ चीच दुसरी गोष्ट. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी कळंब नागपूर विद्यापीठात. आता अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे अमरावतीकडे. बरं झालं, विद्यापीठ मिळालं. पण इंजिनीअरिंगच्या प्रवेशात बराच काळ जो ७०:३० चा नियम चालत आला, त्याच्याशी हे जोडून बघा. ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठांच्या मुलांना. कळंबवरून निघून वर्धा नदी ओलांडली, देवळी आली, की विद्यापीठ बदललं. म्हणजे नागपूर जवळ असूनही ‘बाहेरचं’, आणि पार बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव ‘होम’!

आणि यात एक गंमत आहे जी अकरावीलाच माहीत हवी. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून नाही, बारावी कुठून पास झालात यावरून ठरत आली आहे. कळंबची दोन मित्रं. एकानं गावातून बारावी केली, दुसरा क्लाससाठी नागपूरला गेला आणि तिथूनच परीक्षा दिली. पर्सेंटाइल सारखे आले, तरी दोघांचे चान्स वेगळे. कटऑफच्या पीडीएफमध्ये जे अगम्य कोड असतात ना, ते हेच सांगत असतात. ‘जीओपीईएन’ म्हणजे जनरल ओपन. शेवटी ‘एच’ असेल तर होम, ‘ओ’ असेल तर अदर, ‘एस’ असेल तर राज्यस्तर. सुरुवातीला ‘एल’ असेल तर मुलींसाठी. आपली ओळ सोडून दुसऱ्याच ओळीतला आकडा बघायचा आणि “होत नाही” म्हणून कॉलेज सोडून द्यायचं, हे फार होतं. आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडा, नियम तपासा, आणि आपलीच ओळ वाचा.

कटऑफ म्हणजे तरी काय? मागच्या वर्षी त्या जागेवर शेवटी बसलेल्या मुलाचा आकडा. भविष्य नाही. माप बदललं की तो आकडा कुचकामी. माझी बारावी २०१५ ची. २०१४ आणि २०१५ ला आपल्याकडे इंजिनीअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे मार्क मिळून झाले. २०१६ ला सीईटी परत आली. २०१९ पासून ती कॉम्प्युटरवर, पर्सेंटाइलमध्ये. त्यामुळे आमच्या बॅचच्या आकड्यांवरून तुम्हाला सल्ला देणारा दादा प्रेमळ असेल, पण उपयोगाचा नाही. आणखी एक: २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांवरची प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली. एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, तर तिथला आणि शेजारच्या कॉलेजचाही कटऑफ हलणार. म्हणून एका वर्षाचा नको, दोन-तीन वर्षांचा बघा, आणि यंदाच्या जागाही.

आता यादी कशी लावायची? इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेशावर एक छोटा पेपर लिहिला. मुलांनी खरी आवड सांगावी आणि तरी कोणाचं नुकसान होऊ नये, अशी वाटपाची पद्धत करता येते, हा त्या विषयाचा गाभा. २०१२ मध्ये शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटीचं एकत्र वाटप जोसामार्फत होतं, तेही याच विचारावर उभं आहे.

आपल्या कॅपचं तर त्याहून सोपं. मशीन तुमचा मेरिट नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतं आणि तुम्हाला लागू असलेली पहिली शिल्लक जागा देतं. तुम्ही एखादं कॉलेज सातव्या नंबरला टाकलं म्हणून तिथे तुमचा नंबर मागे जात नाही. म्हणून “सेफ कॉलेज वर टाक, नाहीतर हातचं जाईल” हा सल्ला साफ चुकीचा. उलट नुकसान होतं. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या, तेव्हा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, की जागा आपोआप फ्रीझ. सेफ कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं की खेळ तिथंच संपला.

तर यादीचे तीन भाग करा. वर ती कॉलेजं जी मनापासून हवीत, कटऑफ आपल्या थोडा वर असला तरी. मधे आपल्या आकड्याच्या आसपासची. खाली ती, जिथे दोन-तीन वर्षांचा कटऑफ आपल्यापेक्षा बराच खाली आहे. पण खालच्या भागाला दोन अटी आहेत. एक, तिथे लागलं तर आपण खरंच जाणार का? दुसरी, घर ते झेपणार का? सोयाबीन-कापसावर चालणाऱ्या घरात न परवडणारं कॉलेज सेफ नसतं, कटऑफ कितीही खाली असू दे. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळ्या कोडनं टाकाव्या लागतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात कॅपमधून प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क माफ आहे. यानं कित्येक मुलींची यादीच बदलते. होस्टेल, मेस आणि एसटीचं भाडं मात्र वेगळं धरा.

१९५३ मध्ये विदर्भानं जागा मागितल्या त्या प्रमाणात, आकड्यात. आज जागा बऱ्याच आहेत, नियमही छापलेले आहेत, पण ते वाचता येणं ही नवी अडचण झाली आहे. कळंबच्या मुलीला आज जबलपूर गाठावं लागत नाही. तिला हवी ती योग्य पीडीएफमधली योग्य ओळ, आणि आपलं खरं मन पहिल्या नंबरला लिहायची हिंमत. एपिसोडची लिंक तुमच्या गावातल्या बारावीच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात.