टाकी रिकामी होते तो क्षण

मराठवाड्यात ‘टँकर’ म्हटलं की पाण्याचाच डोळ्यांसमोर येतो. ॲलन प्रित्स्कर या अमेरिकन इंजिनिअरने डेनिस पेग्डेनबरोबर १९७९ साली लिहिलेल्या सिम्युलेशनच्या पुस्तकात मात्र मला तेलाचे टँकर भेटले, तेही समुद्रातले. अलास्कातल्या वाल्डीझ बंदरातून कच्चं तेल भरून जहाजं सिॲटलजवळच्या धक्क्यावर येतात, टाकीत तेल ओततात, आणि टाकीतून ते रिफायनरीकडे अखंड वाहत राहतं. टाकी भरली की जहाजाला थांबावं लागतं, रिकामी झाली की रिफायनरी थांबते. वाचताना मला छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्याच दिसत होत्या.

यात गोम अशी, की जहाजं मोजायची असतात आणि तेल मापायचं असतं. या दोन हिशेबांची घराणी बरीच वर्षं वेगळी होती.

एमआयटीचे जे फॉरेस्टर हे मापणाऱ्यांपैकी. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कधी कामगार जादा पाळ्या करत, तर काही वर्षांत त्यांच्यातल्याच अनेकांना घरी बसवलं जाई. दोष बाजाराला दिला जायचा. फॉरेस्टरनी वहीत पेन्सिलीने आकडेमोड करून दाखवलं, की मागणी स्थिर असली तरी कंपनीच्या स्वतःच्या नियमांमुळे हे हेलकावे येऊ शकतात. त्यातून १९६१ साली ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक झालं. त्यात सगळं जग नळ आणि टाक्यांचं: माल, माणसं, पैसा, सगळं वाहतं. त्याच वर्षी आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डननी जीपीएसएस ही भाषा आणली. ती मोजणाऱ्यांची. तिच्यात रांगा असतात, एकेक गिऱ्हाईक येतं, थांबतं, काम उरकून जातं. दोन घटनांच्या मधल्या वेळेत काहीच घडत नाही असं धरून घड्याळ सरळ पुढच्या घटनेवर उडी मारतं.

पंचक्कीवर दोन्ही एकत्र आहेत. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि पुढे नहर-ए-अंबरी बांधली. अठराव्या शतकातली पंचक्की त्याच परंपरेतली. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी येतं, उंच भिंतीवरून पडतं, पातं फिरवतं. पाणी अखंड, पण बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासाठी दळायचं धान्य मात्र एकामागून एक मापाने पडणार. धान्य संपलं तरी पाणी वाहतच राहणार.

हे दोन्ही हिशेब एकाच प्रोग्रॅममध्ये बसवायचा विचार डोनाल्ड फाहरलँडने १९७० साली मांडला आणि प्रित्स्करच्या १९७४ च्या गॅस्प-फोर भाषेने तो वापरण्याजोगा केला. कल्पना साधी आहे. काही घटना घड्याळावर घडतात, उदाहरणार्थ पाळी बदलणं. काही घटना पातळीवर घडतात: टाकीतलं पाणी अमुक रेषेखाली गेलं, की पंप सुरू. तो क्षण आधी माहीत नसतो. प्रवाहाचं गणित करत करतच तो सापडतो.

वाळूज-चिकलठाण्याच्या बिअर कारखान्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आंबवणीच्या टाकीत बिअर लिटरने असते, भरणीच्या लाइनवर नगाने. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारूनिर्मितीच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात केली. म्हणून उत्पादन बरोबर ६० टक्क्यांनीच घटेल, असं म्हणता येत नाही. टाकी धुवायला लागणारं पाणी बाटल्या कमी भरल्या म्हणून कमी होत नाही. आणि अर्ध्या टाकीची अर्धी धुलाई कुणी करत नाही.

पण माझा जीव अडकतो तो घरच्या नळात. या शहरात पाणी रोज येत नाही, आठवडा-आठवडा वाट पाहावी लागते. जायकवाडीपासूनच्या जुन्या दोन जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तिची जलवाहिनी २५०० मिलिमीटरची. चर्चा होते ती या व्यासांची आणि दरडोई लिटरची, म्हणजे फक्त मापण्याची.

समजा, दोन घरांत नळाला मिनिटाला १० लिटर पाणी येतं आणि ते ४५ मिनिटं टिकतं. एका घरी २००० लिटरची टाकी, दुसऱ्या घरी २०० लिटरचा एकच ड्रम. पहिल्या घरात ४५० लिटर साठतात. दुसऱ्या घरचा ड्रम विसाव्या मिनिटाला भरतो. मग बादल्या, कळश्या, पातेली, आणि उरलेलं गटारात. सरासरीच्या कागदावर दोघांना सारखंच पाणी मिळालेलं असतं. ड्रमवाल्या घरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पातळी तळाला टेकते. त्या क्षणी घडणारी घटना म्हणजे टँकरवाल्याला लागलेला फोन, आणि त्याचं बिल पाणीपट्टीच्या पावतीवर येत नाही.