स्पीकरची वायर किती जाड असावी?

घरात नवे होम थिएटर आले की बहुतेकांचे लक्ष अॅम्प्लिफायरच्या वॅटकडे आणि स्पीकरच्या आकाराकडे असते. या दोहोंना जोडणारी वायर मात्र दुर्लक्षित राहते. पुढे एका बाजूचा स्पीकर हळू वाजतो अशी शंका येऊ लागते, दुकानदार वायरकडे बोट दाखवतो आणि ग्राहक कित्येकदा महागडी वायर घेऊन घरी परततो. वायरच्या जाडीमुळे आवाजात फरक पडतो हे खरे आहे. पण तो किती पडतो, हे खरेदीपूर्वी साध्या गणिताने ताडून पाहता येते.

वायर आवाज कसा कमी करते?

अॅम्प्लिफायरमधून निघालेला विद्युतप्रवाह एका तारेने स्पीकरपर्यंत जातो आणि दुसऱ्या तारेने परत येतो. त्यामुळे दहा मीटर लांबीच्या वायरसाठी प्रत्यक्षात वीस मीटर तांब्याचा रोध मोजावा लागतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाडी दुप्पट केली की तो निम्मा होतो, लांबी दुप्पट केली की दुप्पट. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, या रोधाच्या प्रमाणात अॅम्प्लिफायरचा काही दाब वायरमध्येच खर्ची पडतो आणि उरलेला स्पीकरला मिळतो.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. आठ ओहमचा स्पीकर दहा मीटर लांबीच्या ०.५ चौरस मिलिमीटर वायरने जोडला, तर वायरचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो आणि आवाजाची पातळी ०.७ डेसिबलने घटते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास ही घट ०.१५ डेसिबलवर येते. स्पीकर चार ओहमचा असेल तर हेच आकडे अनुक्रमे १.४ आणि ०.३ होतात. साधारण एक डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. आवाजाची केवळ पातळीच कमी झाली असेल, तर बटण किंचित फिरवून ती भरून काढता येते.

अतिशय बारीक वायरचा खरा तोटा निराळा आहे. स्पीकरवर ‘आठ ओहम’ असे छापलेले असले तरी स्वराच्या उंचीनुसार त्याचा रोध बदलत राहतो. जिथे तो कमी होतो तिथे वायरमधील घट वाढते. परिणामी काही स्वर थोडे अधिक दबतात आणि ध्वनीचा तोल ढळतो. हा दोष आवाज वाढवून जात नाही.

निवड कशी करावी?

वायरचा जाण्यायेण्याचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, हा व्यवहारातील सोपा नियम आहे. त्यानुसार आठ ओहमच्या स्पीकरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर सुमारे १७ मीटरपर्यंत, तर २.५ चौरस मिलिमीटरची सुमारे २९ मीटरपर्यंत चालते. चार ओहमसाठी ही अंतरे निम्मी धरावीत. शहरी सदनिकेतील दिवाणखान्याला याहून लांब वायर क्वचितच लागते.

खरेदी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वायरची जाडी गेजमध्ये सांगितली जाते तेव्हा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक असते. अमेरिकी मापाची १६ गेज वायर साधारण १.३ चौरस मिलिमीटरची, तर १२ गेज ३.३ चौरस मिलिमीटरची असते. दुसरे असे की, काही स्वस्त वायरींत अॅल्युमिनियमवर तांब्याचा केवळ मुलामा असतो. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने अशी वायर घेतल्यास ती अधिक जाडीची घ्यावी.

दोष वायरचाच आहे का?

डावी वायर तीन मीटर आणि उजवी दहा मीटर, दोन्ही अगदी ०.५ चौरस मिलिमीटरच्या असल्या, तरी आठ ओहमच्या स्पीकरांत फरक अवघा अर्धा डेसिबल पडतो. याउलट एक स्पीकर दोन मीटरवर आणि दुसरा तीन मीटरवर असेल, तर मोकळ्या जागेत साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. खोलीत भिंतींवरून येणाऱ्या परावर्तनामुळे तो काहीसा कमी होतो. म्हणजे वायर बदलण्याआधी सोफा सरकवून पाहणे शहाणपणाचे!

तरीही एक बाजू हळू वाजत असेल, तर प्रथम बॅलन्सचे बटण पाहावे. मग अॅम्प्लिफायर बंद करून मागील बाजूस डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याआधीच्या उपकरणात आहे. तो त्याच बाजूला राहिला तर स्पीकरांच्या जागा बदलाव्यात. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर तपासावा. तिथेच राहिला तर वायर, तिचे सांधे आणि खोलीची रचना पाहावी. सैल किंवा गंजलेला सांधा वायरच्या जाडीपेक्षा कितीतरी अधिक नुकसान करतो. एका स्पीकरचे धन-ऋण टोक उलटे जोडले गेले असेल, तर खर्जाचे स्वर क्षीण होतात. तेही पाहून घ्यावे.

एवढी पडताळणी करण्यास अर्धा तास पुरतो. त्यानंतरही नवी वायर हवीच असेल, तर योग्य जाडीची साधी तांब्याची वायर घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरसाठी राखून ठेवावेत.