उशैकिरचा सुबैह

सौदीत नोकरीला आहे म्हटलं की पुण्यातले मित्र हमखास विचारतात, "तिथे बघायला काय आहे रे? वाळू आणि तेल!" मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. मग एका शुक्रवारी गाडी काढली आणि रियाधच्या वायव्येला साधारण २०० किलोमीटरवरच्या उशैकिरला गेलो.

शेजारच्या लालसर टेकडीवरून गावाला हे नाव पडलं म्हणतात. मातीच्या विटांची घरं, झाऊच्या लाकडाची आणि खजुराच्या झावळ्यांची छतं, अरुंद सावलीच्या गल्ल्या, मशिदी, विहिरी. आपल्याकडच्या जुन्या मातीच्या वाड्यांची आठवण यावी असं सगळं! गाव एवढंसं, पण मोठं नाव असलेलं. नज्दमधल्या कितीतरी विद्वानांचं हे मूळ गाव. कतारवर राज्य करणारं आल-थानी घराणंही मूळचं इथलंच.

पण मला आवडली ती वेगळ्याच माणसाची गोष्ट. नज्दमधल्या सर्वात जुन्या उपलब्ध दस्तऐवजांपैकी एक या गावचा आहे, हिजरी ७४७ चा, म्हणजे इ. स. १३४६-४७. त्याच सुमारास आपल्याकडे दौलताबादेत बहमनी राज्य उभं राहत होतं. हा दस्तऐवज कुणा अमीराचा नाही. तो आहे सुबैहचा, आणि सुबैह होता मुक्त झालेला गुलाम! त्याने आपली मिळकत वक्फ केली, म्हणजे धर्मादाय दिली.

वक्फ म्हणजे साधारण आपल्या देवस्थान इनामासारखं. जमीन विकायची नाही, उत्पन्न ठरवलेल्या कामालाच लावायचं. मशिदीच्या विहिरीची पोहरी, दोर, रमजानात उपवास सोडणाऱ्यांचं जेवण, असे खर्च या मुलखात अशाच वक्फांतून चालत. सरकार नावाची गोष्ट दूर असताना गाव टिकलं ते यामुळे.

सौदीत गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९६२ साली. त्याच्या सहा शतकं आधी, जो स्वतः कुणाच्या तरी मालकीचा होता, त्याने हाती आलेली मालकी सोडून दिली. त्याला मुक्त करणाऱ्या मालकाला आज कोण ओळखतं? ओळखतात तेही सुबैहमुळेच.

आम्हीही इथे दुसऱ्यांच्या इमारती बांधायला आलेले. परतताना मनात आलं, आपण इथे मागे काय ठेवून जाणार? असो. रियाधला आलात तर उशैकिर चुकवू नका.