दोन खुर्च्या : अटलांटिक सिटी, ऑगस्ट १९६४

मागच्या वेळी आपण रूझवेल्टच्या 'न्यू डील'पर्यंत आलो होतो. उत्तरेतल्या कामगार संघटना, मोठ्या शहरांतले स्थलांतरित आणि दक्षिणेतले गोरे जमीनदार, अशी तीन तोंडं तीन दिशांना असलेली मोट डेमोक्रॅटिक पक्षाने कशी बांधली, ते आपण पाहिलं. आज त्याच पक्षाच्या एका आठवड्याबद्दल बोलायचंय. ही मोट सुटायला सुरुवात झाली ती याच आठवड्यात, असं आम्हाला वाटतं.

एक प्रश्न डोक्यात ठेवून ऐका. अमेरिकेतल्या पुरोगाम्यांमध्ये आजही एक भांडण चालू असतं. पक्षात राहून पक्ष बदलायचा, की बाहेर पडून आपलं वेगळं काही उभं करायचं? २०१६ मध्ये बर्नी सँडर्स हरले तेव्हा ते पुन्हा उफाळून आलं आणि अनेकांना ते नवं वाटलं. ते नवं नाही. साठ वर्षांपूर्वी ते दोन खुर्च्यांवरून झालं होतं.

आधी मिसिसिपी राज्य समजून घेऊ. तिथे लोकसंख्येत शंभरातले चाळीसहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. पण मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी ज्यांचं नाव मतदारयादीत आहे असे शंभरात सातसुद्धा नव्हते. यादीत नाव घालायला गेलं की संविधानाचं एखादं कलम समजावून सांगा म्हणायचे, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवायचा. वर नोकरी जायची, घर जायचं, कधी जीवही जायचा. मे १९६४ मध्ये आपले राममनोहर लोहिया याच राज्यातल्या जॅक्सन शहरात होते. गोऱ्यांसाठी राखलेल्या एका उपाहारगृहातून बाहेर जायला त्यांनी नकार दिला आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. ते लोकसभेचे सदस्य होते, म्हणून अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. तिथल्या माणसाची दिलगिरी मात्र कुणी व्यक्त करत नव्हतं.

फॅनी लू हेमर ही त्यातलीच एक. कापसाच्या मळ्यावर वाट्याने राबणारी बाई. ऑगस्ट १९६२ मध्ये ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, आणि त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने तिला घर सोडायला सांगितलं. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की ते दुखणं आयुष्यभर राहिलं.

अशा लोकांनी एप्रिल १९६४ मध्ये 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी' काढली. नाव नीट ऐका. त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या विरोधात पक्ष काढला नाही. त्यांचं म्हणणं होतं, राज्यातला खरा डेमोक्रॅटिक पक्ष आम्ही आहोत. कारण अधिकृत शाखेत फक्त गोरे होते आणि राष्ट्रीय पक्षाच्या नागरी हक्कांच्या धोरणाला त्यांचा उघड विरोध होता. यांनी पक्षाचे सगळे नियम पाळले, गावोगाव सभा घेतल्या आणि ६८ प्रतिनिधी निवडले. त्याच उन्हाळ्यात चेनी, गुडमन आणि श्वेर्नर या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले होते. अशा वेळी हे लोक बसमध्ये बसून अटलांटिक सिटीच्या अधिवेशनाला निघाले.

आता थोडं पक्षाच्या यंत्राबद्दल. अधिवेशनात कोण बसणार, हे प्रतिनिधींची पात्रता तपासणारी समिती ठरवते. तेव्हाचा नियम असा होता, की समितीच्या ११ सदस्यांनी वेगळा अहवाल दिला आणि आठ राज्यांनी मागणी केली, की प्रश्न खुल्या सभागृहात मतदानाला जायचा. ११ आणि आठ, एवढंच जमवायचं होतं. ज्यो राऊ नावाचे नामांकित वकील यांच्या बाजूने उभे होते आणि त्यांना हे आकडे आवाक्यात दिसत होते.

२२ ऑगस्टला हेमरबाई समितीपुढे बोलल्या, तेही टीव्हीवर, सगळा देश बघत असताना. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळवले. पण वाहिन्यांनी संध्याकाळी तिचं भाषण पुन्हा दाखवलं, म्हणजे ते जास्तच लोकांनी पाहिलं.

जॉन्सन यांची भीती खोटी नव्हती. या लोकांना बसवलं तर सगळी दक्षिण सभा सोडून जाईल आणि निवडणूक हातची जाईल, हा त्यांचा हिशोब होता. मग दबाव सुरू झाला. समितीतल्या कुणाला नोकरीची आठवण करून दिली गेली, कुणाला नवऱ्याच्या नेमणुकीची. एकेक सही गळायला लागली. समजूत घालायला पाठवलं ह्युबर्ट हम्फ्रीला. हे तेच हम्फ्री, ज्यांनी १९४८ च्या अधिवेशनात नागरी हक्कांसाठी गाजलेलं भाषण केलं होतं आणि दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले तरी माघार घेतली नव्हती. सोळा वर्षांनी त्यांना उपाध्यक्षपद दिसत होतं.

तडजोड अशी होती. फ्रीडम पार्टीला दोन जागा. गोऱ्या शाखेने निष्ठेची शपथ घेतली तर बाकीच्या जागा त्यांच्याच. आणि १९६८ पासून, वंशभेद करणाऱ्या शाखेला अधिवेशनात जागा नाही. दोन जागांवर कोण बसेल? ॲरन हेन्री आणि एड किंग, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा. ही नावं फ्रीडम पार्टीने दिली नव्हती, वरून ठरवून आली होती. त्यांचे नेते हम्फ्रींच्या खोलीत अजून बोलत असतानाच टीव्हीवर बातमी आली की प्रश्न सुटला.

घ्या म्हणणारे लहान लोक नव्हते. बायर्ड रस्टिन यांनी आदल्या वर्षीचा वॉशिंग्टनचा मोर्चा उभा केला होता. कामगार नेते वॉल्टर रॉयथर होते, मार्टिन ल्यूथर किंग यांचाही कल त्याच बाजूला होता. रस्टिन यांचं म्हणणं सरळ होतं. रस्त्यावर नैतिकता चालते, राजकारणात युती लागते, आणि युतीत सगळं मिळत नाही. नको म्हणणाऱ्यांमध्ये बॉब मोझेस होते, हेमरबाई होत्या आणि बहुतेक सगळे प्रतिनिधी होते. आम्ही इतक्या लांबून दोन जागांसाठी आलो नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांनी तडजोड फेटाळली. गोरे प्रतिनिधीसुद्धा बहुतेक सगळे निघून गेले! मग मागून घेतलेल्या पासांवर फ्रीडम पार्टीचे लोक आत शिरले आणि मिसिसिपीच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात, तर खुर्च्याच उचलून नेलेल्या.

आता हिशोब मांडू. जॉन्सन ४४ राज्यं जिंकले. आणि ज्या मिसिसिपीला जपायला हे सगळं केलं, तिथे गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मतं पडली. म्हणजे ज्यांची मर्जी राखली ते गेलेच, आणि जे मनापासून पक्षात यायला आले होते त्यांचा विश्वास गेला.

इथून दोन वाटा फुटल्या. बाहेरची वाट आधी बघू. स्टोकली कार्मायकल आणि सहकारी अलाबामाच्या लाउंड्स काउंटीत गेले आणि त्यांनी स्थानिक लोकांबरोबर स्वतंत्र पक्ष बांधला. तिथल्या मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं. डेमोक्रॅटांचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं, यांनी काळा चित्ता घेतला. १९६६ ची निवडणूक ते हरले, पण तो चित्ता कॅलिफोर्नियात ओकलंडला पोचला आणि 'ब्लॅक पँथर' झाला. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने 'दलित पँथर' काढली. त्यांचाही राग असाच होता, रिपब्लिकन पक्षाच्या फुटींवर आणि काँग्रेसशी केलेल्या तडजोडींवर. अटलांटिक सिटीतल्या त्या उचललेल्या खुर्च्यांचा एक धागा असा आपल्यापर्यंत येतो.

आतली वाट संथ होती. १९६८ ला शिकागोमध्ये ते वचन खरंच पाळावं लागलं. गोऱ्या शाखेला बाहेर ठेवून मिसिसिपीची मिश्र तुकडी बसली, हेमरबाई प्रतिनिधी म्हणून आल्या आणि सभागृह उठून उभं राहिलं. त्याच अधिवेशनात हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता उमेदवार झाले. त्या संतापातून मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोग आला. स्त्रिया, तरुण, अल्पसंख्य यांना प्रतिनिधित्व द्या, आणि पुढाऱ्यांच्या बंद खोलीत निवड नको, असं त्याने सांगितलं. पण १९७२ मध्ये मॅकगव्हर्न स्वतः उमेदवार झाले आणि ४९ राज्यं हरले. मोठ्या कामगार महासंघाने त्यांना पाठिंबाच दिला नव्हता. मग पुढाऱ्यांनी १९८२ मध्ये 'सुपरडेलिगेट' ही सोय करून आपल्या खुर्च्या परत मिळवल्या. सँडर्स यांच्या लोकांनी भांडून २०१८ मध्ये त्यांचं पहिल्या फेरीतलं मत काढून घेतलं. म्हणजे अध्यक्ष कोण यापेक्षा, आत कोण बसणार याचंच हे भांडण आहे.

मग बरोबर कोण होतं? आम्हाला असं दिसतं. रस्टिन यांचं एक खरं ठरलं, त्या तडजोडीत दम होता. पण तो दोन जागांत नव्हता, ज्याच्याकडे त्या रात्री फारसं कुणी बघितलं नाही त्या १९६८ च्या लेखी नियमात होता. आणि हेमरबाईंचंही खरं ठरलं. त्या जागा कमी होत्या म्हणूनच अपमान नव्हता. आमच्या वतीने कोण बसेल हेही तुम्हीच ठरवणार, यात तो होता. नावं ठरवण्याचा हक्क त्यांच्यावर सोडला असता, तर कदाचित त्यांनी त्या दोन जागा घेतल्याही असत्या. जॉन्सन यांना तेवढं देणंही जड गेलं, आणि त्याची किंमत पक्ष अजून मोजतो आहे.

आपल्याकडे कुठल्याही आघाडीची बोलणी चालू असली की पहिला प्रश्न असतो, जागा किती? मंडळी, त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. त्या जागांवर कोण बसणार हे कोण ठरवणार? आणि उद्याचा नियम कागदावर आला का?

इथे थांबू. पुढच्या वेळी शिकागो, १९६८.